गुरूविना कोरियन

1877 साली शांघायमधल्या एका मिशनरी छापखान्यातून ‘कोरियन प्रायमर’ नावाचं एक लहानसं पुस्तक बाहेर पडलं. इंग्रजी जाणणाऱ्याला कोरियन शिकवणारं हे पहिलं पाठ्यपुस्तक. लेखक जॉन रॉस हा स्कॉटलंडचा धर्मोपदेशक. तो मांचुरियात राहत होता आणि पुस्तक छापून झालं तरी त्यानं कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवलेलं नव्हतं. सोल शहर त्यानं पाहिलं ते 1887 मध्ये, म्हणजे आणखी दहा वर्षांनी.

या पुस्तकाची छायाप्रत हाती आली तेव्हा मी तीन वर्षं एकटीनं कोरियन शिकत होते. रॉस मला एकदम आपल्या जातकुळीचा वाटला. माझं सगळंच वाचन-संशोधन असं घरबसल्या झालेलं. पदवीनंतर मी विद्यापीठाची पायरी चढले नाही. ‘कुणाकडे शिकलात?’ असं कुणी विचारलं की ‘माझी मीच’ हे उत्तर देताना मान जराशी ताठ होते, हे कबूल केलेलं बरं. कोरियनमध्ये या प्रकाराला एक सुटसुटीत शब्द आहे, ‘दोखाक’. शब्द चिनी मुळाचा: एकट्यानं केलेलं अध्ययन. 1990 पासून तिथं कायद्यानं दोखाकाची पदवी मिळते. कॉलेजात न जाता सरकारी परीक्षा द्यायच्या आणि पदवीधर व्हायचं. हे वाचून मला त्या देशाचा हेवाच वाटला होता.

रॉस कोरियन नेमका कसा शिकला, हे शोधायला गेले आणि त्या शोधात माझी ताठ मान हळूहळू खाली येत गेली.

त्या काळी कोरियात परकीयांना मज्जाव होता. मात्र चीनच्या हद्दीत, सरहद्दीजवळ एक ठिकाण होतं, तिथं कोरियन व्यापारी ठरावीक वेळी मालाच्या देवघेवीसाठी येत. पाश्चात्त्य लोक त्याला ‘कोरियन गेट’ म्हणत. रॉस तिथं दोनदा गेला. लोक कुतूहलानं जमायचे, पण भाषा शिकव म्हटलं की पांगायचे. परक्याला भाषा शिकवणं म्हणजे घरी परतल्यावर राजद्रोहाच्या संशयाला आमंत्रण. शेवटी 1876 मध्ये त्याला ई उंग-छान हा माणूस भेटला. उइजू गावचा हा व्यापारी. यालू नदी ओलांडताना त्याची नाव उलटली, माल बुडाला, हातात काही राहिलं नाही. अशा अडल्या वेळी तो रॉसचा शिक्षक व्हायला तयार झाला. त्याच्या तोंडून निघालेली वाक्यं रॉसनं उतरवून घेतली, खाली रोमन उच्चार आणि इंग्रजी अर्थ दिले, आणि पुढच्याच वर्षी पुस्तक तयार.

पुस्तकावर नाव एकट्या रॉसचं आहे. ई उंग-छान मात्र पानोपानी ऐकू येतो. कारण त्यातली कोरियन भाषा सोलच्या दरबारातली नाही. ती वायव्य सीमेवरची, उइजूच्या व्यापाऱ्याची बोली आहे. कोल्हापूरच्या एखाद्या गूळव्यापाऱ्याकडून मराठी शिकून साहेबानं ‘मराठी प्रवेशिका’ काढावी, तसं काहीसं. इंग्रजी शब्द ज्याच्या त्याच्या खाली बसावा म्हणून या पुस्तकात कोरियन शब्दही सुटे छापले आहेत. एरवी कोरियन मजकूर सलग लिहिला जाई, आपल्या जुन्या पोथ्यांसारखा. शब्दांमध्ये जागा सोडून छापलेली कोरियन इथं पहिल्यांदा दिसते, असं अभ्यासक मानतात. आज सोलमधलं प्रत्येक मूल जी पद्धत शाळेत शिकतं, तिचा पहिला छापील नमुना परक्या शिकाऊ माणसाच्या सोयीसाठी तयार झाला.

पण मुळात ही लिपीच गुरूविना शिकता यावी म्हणून घडवलेली आहे. राजा सेजोंगनं 1443 च्या अखेरीस ती तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तेव्हा लिहिणं म्हणजे चिनी लिपी. ती आत्मसात करायला वर्षानुवर्षं गुरुगृही घालवावी लागत, आणि तेवढी सवड उमरावांच्या मुलांनाच. सामान्य माणसाला आपलं गाऱ्हाणं कागदावर उतरवता येत नाही, ही खंत सेजोंगनं प्रस्तावनेतच मांडली आहे. सोबतच्या विवरणग्रंथात जंग इन-जी या विद्वानानं तर मुदतच घालून दिली: हुशार माणूस सकाळ सरायच्या आत शिकेल, मंद माणसालाही दहा दिवस पुरतील. माझी गणना कुठं होते ते सांगते. मला तीन दिवस लागले.

या वेगामागं एक युक्ती आहे आणि ती मराठी माणसाला परकी वाटत नाही. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग आहेत. सेजोंगनंही व्यंजनांचे उच्चारस्थानांनुसार पाच गट केले. हा योगायोग नव्हे. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत ध्वनिविचार चीनमध्ये पोचला, तिथल्या वर्णशास्त्रात मुरला आणि ते शास्त्र सेजोंगच्या पुढ्यात होतं. त्यानं त्यापुढं एक पाऊल टाकलं. अक्षराचा आकारच मुखातल्या अवयवाचा काढला. ‘न’साठी वर टेकलेलं जिभेचं टोक, ‘म’साठी तोंडाचा चौकोन. ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’. हे आकार आले कुठून, यावर शतकानुशतकं तर्क चालले. दाराच्या जाळीवरून सुचले असंही लोक म्हणत. विवरणग्रंथच गायब होता ना! त्याची प्रत 1940 मध्ये उजेडात आली आणि जन ह्यंग-पिल या संग्राहकानं ती विकत घेतली. जपानी अंमल होता, म्हणून त्यानं ती लपवून ठेवली. पहिली दोन पानं नव्हती, पण आकारांचा खुलासा शाबूत होता.

सोपी लिपी सत्तेला अडचणीची ठरते, हेही लवकरच दिसलं. 1504 मध्ये राजा यनसानगुनच्या जुलमाविरुद्ध याच लिपीत लिहिलेले कागद राजधानीत सापडले. राजानं फर्मान काढलं: ही लिपी कुणी शिकवायची नाही, शिकायची नाही, येत असेल त्यानं वापरायची नाही. फर्मान त्याच्या गादीबरोबर दोन वर्षांत गेलं. विद्वानांची तुच्छता तेवढी उरली. ते या लिपीला ‘आमखुल’ म्हणजे बायकी अक्षरं म्हणत. बायका ती आईकडून, जावेकडून, चुलीपाशी बसून शिकत. पत्रं लिहीत, कादंबऱ्यांच्या नकला करून एकमेकींना वाचायला देत.

1527 मध्ये छ्वे से-जिन या चिनीच्या दुभाष्यानं मुलांसाठी 3360 चिनी चिन्हांचं पुस्तक केलं. सुरुवातीला त्यानं कोरियन अक्षरं समजावून दिली. का, तर खेड्यापाड्यातल्या, सीमेवरच्या माणसानं आधी ही अक्षरं शिकावीत, मग त्यांच्या आधारानं चिनी. म्हणजे शिकवायला गुरू नसला तरी अडणार नाही. स्वयंशिक्षणाची इतकी सरळ हमी देणारं इतकं जुनं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही.

याच माणसामुळं आज प्रत्येक शिकाऊ तीन ठिकाणी अडखळतो. अक्षरांची नावं त्यानं चिनी चिन्हांनी नोंदवली. निउन, मिउम, बिउप अशी छान चाल लागते. त्या चालीनं गिउक, दिउत, शिउत हवीत. पण शेवटच्या ध्वनीसाठी नेमकं चिनी चिन्ह त्याला मिळेना. म्हणून जवळपासचं काहीतरी वापरून त्यानं भागवलं, आणि नावं झाली गियक, दिगुत, शिओत. दक्षिण कोरियात अजूनही हीच चालतात. उत्तर कोरियानं मात्र ती चालीत बसवून टाकली आहेत.

म्हणजे लिपीपुरती तरी ‘माझी मीच’ची सोय राजानंच केली होती. पण लिपी म्हणजे भाषा नव्हे. सीमेपलीकडून भाषेकडे आलेल्या लोकांची हकीकत वेगळी आहे.

जपान आणि कोरिया यांच्यामधल्या त्सुशिमा बेटावर आमेनोमोरी होशू नावाचा पंडित होता. जन्म 1668 चा. कोरियन दूतांशी चिनी लिपीत लिहून संवाद होई. तेवढ्यावर बाकीचे समाधानी होते. याला ते पटेना. 1703 मध्ये, पस्तिशी गाठलेली असताना, तो बुसानच्या जपानी वखारीत जाऊन राहिला आणि कोरियन शिकला. परतल्यावर त्यानं स्वतः वाचनपाठ लिहिले आणि 1727 मध्ये बेटावर दुभाष्यांसाठी शाळा काढली. एकट्यानं शिकलेल्या माणसानं पुढच्यांना एकट्यानं शिकावं लागू नये म्हणून शाळा काढावी, यात त्याचा अनुभव काय असेल ते आलं.

फ्रेंच धर्मगुरूंची गोष्ट रक्तानं माखलेली आहे. ते कोरियात लपून राहत, सुतकी माणसाचा तोंड झाकणारा वेष करून हिंडत. 1866 च्या कत्तलीत बारांपैकी नऊ मारले गेले, तिघे निसटून चीनला पोचले. त्यांतल्या रिदेलनं पुढं कोरियन-फ्रेंच शब्दकोश सिद्धीस नेला. योकोहामात 1880 मध्ये तो छापला गेला आणि 1881 मध्ये व्याकरण. छपाईचे खिळे ज्याच्या हस्ताक्षरावरून पाडले तो छ्वे जी-ह्यक हा कोरियन कॅथलिक. त्या शब्दकोशातलं प्रत्येक कोरियन अक्षर त्याच्या वळणाचं आहे. मुखपृष्ठावर मात्र ‘कोरियाचे मिशनरी’ एवढंच.

1885 मध्ये देश उघडल्यावर अमेरिकन होरेस अंडरवूड आला. त्यानं सोलमध्ये शिक्षक धरला तो सोंग सुन-योंग, ज्यानं आधी फ्रेंचांना मदत केली होती. अंडरवूडचं बोलभाषेचं पुस्तक 1890 चं. कॅनडाचा जेम्स गेल 1888 मध्ये आला. राजधानीतल्या गोऱ्यांच्या वस्तीत राहून भाषा यायची नाही हे ओळखून तो ह्वांगहे प्रांतातल्या खेड्यात जाऊन राहिला. तिथं त्याला ई छांग-जिक भेटला आणि त्यांची जोडी पुढं कित्येक वर्षं टिकली. गेलचं क्रियापदरूपांचं पुस्तक 1894 चं, कोरियन-इंग्रजी शब्दकोश 1897 चा. अशी ही साखळी आहे. एकाचा शिक्षक दुसऱ्याकडे, एकाचा शब्दकोश दुसऱ्याच्या टेबलावर, आणि तरीही प्रत्येक चरित्रात वाक्य तेच: ‘त्यानं स्वप्रयत्नानं कोरियन आत्मसात केली.’

आपल्याकडे काय वेगळं होतं? विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं. त्यामागं वैजनाथ पंडित होते. मोल्सवर्थ म्हटलं की कोश आठवतो, पण त्या कामातले शास्त्री किती जणांना आठवतात? शाळेत आम्हाला साहेबाचंच नाव पाठ करायला लावलं होतं.

गेलचं ते रूपांचं पुस्तक माझ्यासाठी फार मोलाचं ठरलं, पण वेगळ्याच कारणानं. इंग्रजी वाचकाला एकेक रूप समजावताना त्याला किती यातायात करावी लागते! आणि मी मराठीतून बघते तर दार उघडंच. ‘मगअ बोदा’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणं’, आणि अर्थही तोच. ‘बरिदा’ म्हणजे टाकणं. ‘मगअ बरिदा’ म्हणजे खाऊन टाकणं. ‘दूदा’ म्हणजे ठेवणं, आणि करून ठेवणं तसंच्या तसं. ऐकीव बातमी सांगताना कोरियन माणूस क्रियापदाच्या शेवटी एक प्रत्यय लावतो. ‘ओनदेयो’ म्हणजे ‘येतायत म्हणे’. इंग्रजीत याला अख्खं वाक्य लागतं, आपल्याला एक ‘म्हणे’ पुरतं. कुणाचं बोलणं सांगताना आपण ‘येतो म्हणून सांगितलं’ असं जोडतो, तसाच जोड तिथंही आहे. आणि ‘ऊरी’ म्हणजे ‘आमचा’: एकुलती एक मुलगीही ‘आमची आई’ म्हणते, बायको नवऱ्याला ‘आमचे हे’ म्हणते. वाक्यरचनेत क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय मागून. पहिली दोन वर्षं मी याच भरवशावर तरंगत होते.

हे साम्य पाहून भुललेली मी एकटी नाही. होमर हल्बर्ट हा अमेरिकन 1886 मध्ये कोरियाच्या राजाच्या इंग्रजी शाळेत शिकवायला आला. इतकी सोपी लिपी असून उमराव तिला हात लावत नाहीत याचं नवल वाटून त्यानं जगाचा भूगोल शुद्ध कोरियन लिपीत लिहिला. 1905 मध्ये त्यानं कोरियन आणि द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण सोलमध्ये छापलं आणि कोरियनचं गोत्र दक्षिण भारतात शोधलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ हे नातं मानत नाहीत. अशी रचना जगातल्या एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक भाषांत सापडते. ‘अम्मा’, ‘आप्पा’ कोरियनमध्येही आहेत असं सांगून अजून लोक टाळ्या घेतात, पण तान्ह्या मुलाच्या ओठांवर पहिले येणारे ध्वनी सगळीकडे सारखेच असणार. मला हल्बर्टचं चुकणं समजतं. आपलं ‘म्हणून’ शेजारच्या द्राविडी भाषांच्या वळणानं आलं असं म्हणतात. ते परमुलखात अचानक समोर आलं की नातं जोडायचा मोह होतोच.

शिकणारे सगळे प्रेमानंच शिकले, असं मात्र नाही. कोरिया 1910 मध्ये जपाननं गिळला. 1921 मध्ये वसाहत सरकारनं जपानी नोकरांसाठी कोरियनची परीक्षा ठेवली. उत्तीर्ण होणाऱ्याला भत्ता. पोलीस शिपाई रात्री दिव्याखाली बसून कोरियन घोकत, कारण गावात कोण काय बोलतं ते कळायला हवं होतं. आणि 1938 मध्ये त्याच सरकारनं शाळांतून कोरियन ऐच्छिक केली, म्हणजे व्यवहारात घालवलीच. ज्यांची भाषा त्यांनी ती सोडावी आणि राज्यकर्त्यांच्या शिपायानं ती शिकावी, असा तो मामला.

त्याच काळात कोरियन भाषा मंडळ आपल्या भाषेचा मोठा शब्दकोश करत होतं. आपल्या मासिकातून वाचकांना आवाहन करून गावोगावचे शब्द मागवत होतं. लोक पाठवत, विद्यार्थी सुटीत घरी जाऊन टिपून आणत. ऑक्टोबर 1942 पासून मंडळाच्या लोकांची धरपकड झाली, छळ झाला. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे हामहुंगच्या तुरुंगातच मेले. हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं आणि पुढं बेपत्ता. जपान शरण आल्यावर, सप्टेंबर 1945 मध्ये, सोल स्टेशनच्या मालगुदामात कागदांचा गठ्ठा सापडला. तोच तो. पहिला खंड 1947 मध्ये निघाला, सहावा आणि शेवटचा 1957 मध्ये. पुढचे कोश याच कामाच्या खांद्यावर उभे राहिले. रात्री अकराला एकटीच शब्द शोधत बसल्यावर ‘मी कुणाच्याही मदतीशिवाय शिकतेय’ असं मला वाटायचं, तेव्हा मी खरं तर त्या गठ्ठ्यात हात घालत होते.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण ती वगळली तर वरचं सगळं ढोंग ठरेल. आमच्या समोरच्या इमारतीत एक कोरियन कुटुंब राहायला आलं. नवरा चाकणकडे कारखान्यात, बाई घरी. तिला भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं मराठी-हिंदी हवं होतं. मी मोठ्या ऐटीत कोरियनमध्ये बोलले. कोजागिरीच्या आसपासचे दिवस होते, म्हणून म्हटलं, ‘चंद्र मोठा झालाय.’ तिनं विचारलं, ‘तुमची मुलगी काय करते?’

मला मुलगी नाही. घोळ समजायला पाऊण तास गेला. कोरियनमध्ये ‘त’च्या जागी तीन व्यंजनं आहेत, आणि त्यानुसार एकाच शब्दाचा अर्थ चंद्र, मुलगी किंवा मुखवटा होतो. पुस्तकात मी वाचलं होतं की शब्दाच्या आरंभी चंद्रातलं व्यंजन ‘द’सारखं घुमत नाही. म्हणून मी काळजीपूर्वक आपला स्वच्छ मराठी ‘त’ लावला. तो तिच्या कानाला ‘मुलगी’ ऐकू आला. पुस्तक बरोबर होतं, वाचणारीही बरोबर होती, उच्चार तेवढा चूक. तिनं माझा तळवा आपल्या तोंडासमोर धरला आणि तिन्ही शब्द म्हणाली. मुखवट्याला श्वासाचा झोत लागला, चंद्राला अगदी हलका, मुलगीला काहीच नाही. शिवाय चंद्र म्हणताना तिचा आवाज खाली गेला. सोलकडचे तरुण आता श्वासापेक्षा स्वराच्या उंचीवरूनच हा फरक ओळखतात, असं मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी कळलं नसतं.

दोन वर्षं दर गुरुवारी दुपारी आम्ही बसलो. ती मला ‘अन्नी’ म्हणायची, म्हणजे ताई. मी तिला मेथी आणि शेपू यांतला फरक शिकवला, तिनं मला माझी सगळी चुकीची रूपं उलगडून दाखवली. रॉसच्या पुस्तकातली वाक्यं वाचून दाखवली तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, ही तर माझ्या आजीच्या मुलखातली बोली. आजी उत्तरेकडून युद्धात पळून आलेली. त्यातला एक शब्द तिनं परत परत म्हणवून घेतला आणि मग काही वेळ बोलली नाही.

नवऱ्याची बदली झाली, ती परत गेली. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी तिला कळवलं की शिक्षक म्हणून तुझं नाव छापणार आहे. तिनं नको म्हणून सांगितलं. आपण काही शिकवलं नाही, अन्नी स्वतःच शिकली, असं तिचं म्हणणं.